दुपट्ट्याखालचा भाव

गोंदियाच्या तांदूळबाजारात भाव ऐकू येत नसे. गिरणीचा दलाल आणि बाहेरगावचा खरेदीदार पोत्यांच्या थप्पीजवळ समोरासमोर उभे राहत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकी आणि खाली बोटं बोलू लागत. किती बोटं धरली त्यावरून रुपये, कुठल्या पेरावर दाब दिला त्यावरून आणे. तोंडं मात्र हवापाण्याचं, उशिरा आलेल्या गाडीचं, कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलत. सौदा झाला की दुपट्टा झटकून परत खांद्यावर जाई. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एवढंच कळे, की काहीतरी ठरलं.

या बाजाराचा रोजचा भाव नागपूरच्या एका दैनिकाला पाठवायचा, हे माझं काम होतं.

त्याआधी मी त्याच दैनिकात रात्रपाळीला होतो. तारांचं भाषांतर करायचं, मथळे द्यायचे, प्रूफं बघायची. या कामात माणूस भेटत नाही आणि मला ते सोयीचं होतं. धान्यावरचा सरकारी कंट्रोल उठला, तांदळाचा व्यापार मोकळा झाला, तेव्हा आमच्या वृत्तसंपादकांनी मला बोलावून घेतलं. ते मोजकं बोलत.

"गोंदियाला जा. संक्रांतीपर्यंत तिथला भाव आपल्या अंकात रोज दिसला पाहिजे. नाही दिसला तर ती जागा बंद."

"आणि माझी इथली खुर्ची?"

"ती भरली."

त्यामुळे परतीचा प्रश्न उरला नव्हता. भाव मिळाला तर नोकरी होती, नाही मिळाला तर नव्हती.

भाव मिळवायचा कसा, हे बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. कुणालाही विचारला तर भाव मिळे. तो बोलण्याचा भाव. हाताचा भाव वेगळा. विकणारा बोलताना वरचा आकडा सांगे, घेणारा खालचा. हाताचा भाव फक्त दोघांना ठाऊक असे आणि ते तिसऱ्याला सांगत ते नात्याने किंवा ओळखीने. गिरणीवाल्याला आपला भाव झाकायचा असे आणि शेजारच्या गिरणीचा कळायला हवा असे. सगळ्यांचीच ही स्थिती असल्यामुळे सगळेच अंधारात होते. बातमीदाराने त्या ओळखीत शिरायचं होतं.

ओळखी होत त्या गिरण्यांच्या समारंभांत. दसऱ्याला यंत्रांची पूजा, पाडव्याला पानसुपारी, मार्गशीर्षात नव्या हंगामाचा मुहूर्त. आज यासाठी हॉटेलात सभा भरतात, छातीवर नावाची चिठ्ठी लावून लोक एकमेकांना छापील कार्डं देतात, असं माझा नातू सांगतो. त्या काळी चिठ्ठी नव्हती. कुणीतरी बरोबर असावं लागे, ज्याने म्हणायचं, "ये अपने हैं." बरोबर कुणी नसेल तर माणूस चपलांच्या रांगेपाशी उभा राही.

दसऱ्याला मी तिथेच उभा राहिलो. भीतीचं वर्णन नेमकं करायचं तर असं: तळहातांना घाम, आणि घरून पाठ करून आणलेली हिंदी वाक्यं ऐन वेळी गायब. गोंदिया शहर हिंदीत बोलतं, माझी हिंदी तारांच्या भाषांतरापुरती होती. गिरणीच्या पट्ट्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लोक गटागटाने उभे होते आणि प्रत्येक गट पाठमोरा दिसत होता. मी चहा घेतला, पुन्हा घेतला, यंत्राकडे बघत राहिलो. त्या दिवसाचा वृत्तान्त एका ओळीचा होता: प्रतिनिधी हजर होता, वृत्त नव्हतं.

पाडव्याला मी धीर केला, आणि नको तिथे केला.

मोतीलालशेठ हे गावातले जुने गिरणीमालक. त्यांच्याकडची पानसुपारी मोठी. पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून व्यापारी ओळीने बसलेले, मधून चांदीचं पानदान फिरत होतं. ते माझ्या शेजाऱ्यापर्यंत आलं. स्वतः शेठ समोर होते. लुचई या इथल्या नेहमीच्या तांदळाबद्दल पाठ केलेलं एक वाक्य त्या क्षणी आठवलं आणि मी ते म्हटलं.

"शेठजी, आज लुचई का क्या भाव हुआ?"

कुणाच्या तोंडातला विडा तिथेच थांबला. पानसुपारीत भाव विचारत नाहीत, चारचौघांत मोठ्याने तर कधीच नाही. हे गोंदियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मोतीलालशेठ हसले. "भाव तो भगवान जाने, साहब."

कन्हैयालाल नावाचे एक गिरणीवाले पलीकडे बसले होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची गिरणी टाकली होती. ते म्हणाले, "पेपरवाले साहब, किसी की रसोई में घुसके पूछते हो क्या, आज क्या पकाया?"

"थैला लाए होंगे," दुसरा कुणीतरी म्हणाला. "भाव भर के ले जाएँगे."

हशा झाला. पानदान माझ्यावरून पुढे गेलं. त्यातलं पान मला मिळालं नाही.

बाहेर चपला शोधत होतो तेव्हा मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. हे झनकलाल पटले. तिरोड्याकडचे, बोदलकशाच्या तलावाखाली घरचं धान, पण स्वतः वीस-एक वर्षं तांदळाची दलाली करत होते. गावात सगळे त्यांना झनकलालभाऊ म्हणत. वयाने माझ्या वडलांएवढे, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून एकेरी.

"काऊन गा पेपरवाल्या, कोणाच्या मयतीले आल्ता का?"

"चूक झाली माझी."

"चूक त झालीच. आता रडून राहिला का चप्पल घालून राहिला?"

मी चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानावर ये, असं सांगून ते आत गेले.

त्यांचं दुकान म्हणजे स्टेशनाच्या अंगाला एक खोली, एक बाक आणि तांदळाच्या नमुन्यांच्या पितळी वाट्या. मी गेलो तेव्हा ते वाटीतले दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारत होते.

"तुले भेव कायचं वाटते?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना कसं भेटायचं, तेच कळत नाही."

"साऱ्यायले कायले भेटतं? एकाले भेट. तो दुसऱ्याजवळ नेते. आन भाव पुसू नको. धानाचं पुस. धानाचं पुसलं का माणूस सांजपर्यंत थांबत नाही."

ही सूचना साधी होती आणि शंभर टक्के खरी निघाली. मी भाव विचारणं सोडलं. कुणी भेटलं की पाणी पुरलं का, लोंबी कशी भरली, सुवासिक चिन्नोर तांदळाला वास धरला का, एवढंच विचारू लागलो. नवेगाव बांधाकडून आलेल्या एका ठेकेदाराने बांधातल्या माशांवर पाऊण सकाळ घेतली. तांदळाबद्दल त्याच्याकडून एक अक्षर कळलं नाही, पण जाताना त्याने मला आणखी दोघांशी ओळखी करून दिल्या, "ये मच्छी के शौकीन हैं" म्हणून. मी मासे खात नाही. पुढे काही महिने त्या दोघांच्या घरी मला मासळीचा आग्रह होत राहिला आणि मी दर वेळी वेगळा उपास सांगत राहिलो.

सकाळी दुकानावर गिऱ्हाईक नसलं की झनकलालभाऊ स्वतःचा दुपट्टा आमच्या हातांवर टाकत आणि मला बोटांची भाषा शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी हात लगेच सोडला.

"हात हाय का पाटातला मासा?"

"घाम येतो."

"येऊ दे. पण हात वढू नको. हात वढला का सौदा मोडला म्हनतेत."

मी शिकलो. पकड, पेर, दाब. रुपयाची पकड आधी, मग सोडून आण्याची. आकडा पटला नाही तर अंगठ्याने समोरच्याच्या तळव्यावर रेघ. भाषांतराची सवय इथे कामाला आली. ही एक नवी भाषा होती, तीत बोलावं लागत नव्हतं, आणि म्हणून ती मला हिंदीपेक्षा लवकर आली.

याच बाकावर मला एक गोष्ट कळली. नागपूरचा खरेदीदार गोंदियात येई तो रायपूरचा भाव सांगत. रायपूरचा भाव पेपरात येई, गोंदियाचा कुठेच येत नसे. "रायपूर में तो इतने में मिलता है," एवढं म्हणून तो गोंदियाचा तांदूळ खाली पाडी, आणि गिरणीवाल्यांकडे दाखवायला काही नसे. तांदूळ खाली आला की गिरणीवाला धान खाली मागे, म्हणजे शेवटी ते शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत पोचे. आपला भाव छापून यावा ही गरज बाजाराची होती. फक्त आधी हात पुढे कोण करणार, यावर सगळं अडलं होतं. गरज माझ्या एकट्याची नाही, हे कळल्यावर भीती गेली असं म्हणणार नाही. ती अर्धी झाली.

मार्गशीर्ष उजाडला. कार्यालयाकडून एक तार आली, तीत प्रश्न होता: "गोंदिया?" मी उत्तर दिलं नाही. द्यायला काही नव्हतं.

मुहूर्ताच्या दिवशी मोतीलालशेठांच्या गिरणीत नव्या धानाची पहिली गाडी आली. बैलांना ओवाळलं, पहिला घाणा पडला, कोंड्याचा धुरळा उन्हात चमकला आणि मंडळी गादीवर बसली. पाडव्याचेच लोक, त्यात बाहेरगावचे काही नवे. झनकलालभाऊंनी मला बरोबर आणलं होतं. "ये अपने हैं," ते दारातच म्हणाले. कन्हैयालाल म्हणाले, "थैला कहाँ है?"

"थैला घर पे है," मी म्हटलं. "आज खाली हाथ आया हूँ."

वाक्य पाठ केलेलं नव्हतं. ते कुठून आलं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोघे-तिघे हसले, या वेळी माझ्याबरोबर.

पानाआधी अत्तर लावायची रीत होती. घरचा एक माणूस अत्तरदाणी घेऊन ओळीने फिरतो, कापसाचा बोळा बुडवून प्रत्येकाचा हात धरून मनगटामागे अत्तर लावतो. मोतीलालशेठांच्या घरी हे काम त्यांच्या पुतण्याचं. तो बालाघाटहून छोट्या लाईनच्या गाडीने यायचा होता आणि गाडी आली नव्हती. अत्तरदाणी चौरंगावर पडून राहिली. शेठ दाराकडे बघत होते.

झनकलालभाऊ उठले, अत्तरदाणी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"शेठजी, पेपरवाल्यालेच फिरवा. तसाबी तो उभाच राह्यते."

हे काम घरच्या माणसाचं. परक्याच्या हाती ते देणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजत होतं. मलाही समजत होतं.

"घुमाइए," ते म्हणाले.

समारंभात माणसाची भीती जायला काय लागतं, यावर मी पुढे बरीच व्याख्यानं ऐकली. माझ्या अनुभवाने त्याला एक काम लागतं. हातात अत्तरदाणी असली की पुढच्या माणसासमोर जावंच लागतं आणि त्यालाही हात पुढे करावाच लागतो. कुणासमोर जाऊ, काय बोलू, कधी निघू, हे तिन्ही प्रश्न रांगेनेच सोडवले. मी पहिल्या माणसासमोर वाकलो, हात धरला, अत्तर लावलं, धान कसं म्हणून विचारलं. मग दुसऱ्यासमोर.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी मी चपलांच्या रांगेपाशी उभा राहून कधीच पाहू शकलो नसतो. हात ओले होते. सगळ्यांचे नव्हेत, पण बऱ्याच जणांचे. बाहेरगावच्या एका जाडजूड व्यापाऱ्याचा तळवा माझ्यापेक्षा ओला होता. कन्हैयालालांची बोटं बर्फासारखी गार होती.

"पहला सीज़न है न, भाईसाहब?" मी हळू आवाजात म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "पूरा घर लगा दिया है इसमें," ते तितक्याच हळू म्हणाले. "नागपुरवाला रोज रायपुर सुनाता है."

"गोंदिया छपेगा तो गोंदिया सुनाएगा."

मी पुढे गेलो.

ओळीच्या शेवटी यजमान. मी मोतीलालशेठांसमोर वाकलो, त्यांचा हात धरला, बोळा बुडवला. अत्तर लावून झालं, पण त्यांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि आमच्या हातांवर टाकला.

खोलीत काही आवाज नव्हता असं नाही. पलीकडे कुणीतरी बैलांबद्दल बोलत होतं. शेठ मला विचारत होते, "नागपुर में ठंड कैसी है?" आणि दुपट्ट्याखाली त्यांनी माझी बोटं धरली होती. आधी पकड. मग सोडून पेरावर दाब. माझा तळवा घामाने भिजलेला होता. हात ओढला असता तर सगळं संपलं असतं. मी ओढला नाही.

"ठंड ठीक है," मी म्हटलं. "यहाँ से कुछ कम."

"लुचई," ते ओठ न हलवता म्हणाले आणि दुपट्टा उचलला.

मी सरळ झालो. ओळ बघत होती. कितीची पकड ते कुणाला कळलं नव्हतं, पण काय घडलं ते सगळ्यांना कळलं होतं. मोतीलालशेठांनी हात पुढे केला होता, म्हणजे आता तो करायला कुणाची हरकत नव्हती. कन्हैयालालांनी बसल्या जागेवरून हाक मारली. "साहब, इधर इत्र कम लगा है."

मी परत गेलो. त्यांनी दुपट्टा टाकला. त्यांच्या शेजाऱ्याचंही अत्तर कमी पडलं होतं. मग त्याच्याही शेजाऱ्याचं, आणि दुपट्टा उचलताना प्रत्येक जण आपल्या तांदळाचं नाव ओठांत सांगे: लुचई, गुरमटिया, चिन्नोर. अत्तरदाणी रिकामी झाली तरी मी फिरत होतो आणि कोरडा बोळा लोकांच्या हातांना लावत होतो. झनकलालभाऊ लोडाला टेकून छताकडे बघत पान चघळत होते.

प्रत्येकाने मला खरं सांगितलं, असं नाही. कुणी थोडा वर सांगितला, कुणी शेजारी बघत असल्यामुळे दोन आणे कमी. पण इतके हात धरल्यावर खोटा हात कळतो. तो जरा जास्त घट्ट असतो. ते दोन-तीन वगळले. उरलेल्यांत सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा घेतला आणि "पासून-पर्यंत" असा भाव तयार केला. पेपरात बाजारभाव अजूनही तसाच लिहितात. त्यामागे काय असतं, ते वाचकाला ठाऊक नसतं.

तारघर बंद व्हायच्या आत मी तार केली. लुचई, गुरमटिया, चिन्नोर. तीन ओळी.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीने अंक आले. चौथ्या पानावर तळाला, रायपूरच्या खाली, पहिल्यांदाच "गोंदिया" असा मथळा होता. मी अंक घेऊन बाजारात गेलो तेव्हा तिथे आधीच गर्दी होती, आणि गर्दी चिडलेली होती.

"गलत छापा है," मोतीलालशेठ म्हणाले. "इतना नीचे कौन बेचता है?"

"इतना ऊपर कौन बेचता है?" दुसरा म्हणाला. "अफ़वाह है."

कन्हैयालालांनी अंक माझ्यासमोर फडकवला. "साहब, पूरा बाज़ार ग़लत लिख दिया आपने." हे सांगताना त्यांचा चेहरा मात्र आनंदी होता; गोंदिया छापून आलं होतं.

मी झनकलालभाऊंच्या दुकानावर गेलो. "सगळेच म्हणतात, चुकीचा आहे."

"वरून बी चूक, खालून बी चूक?"

"हो."

"मंग बरोबर हाय. एकबी माणूस खूश असता त मीच तुले मारलो असतो."

तेवढ्यात नागपूरचा एक खरेदीदार दुकानात आला. नेहमीचा होता. बाकावर बसता बसता म्हणाला, "झनकलालजी, रायपूरला काल काय झालंय पाहिलंत ना?"

झनकलालभाऊंनी समोरच्या पोत्यावर अंक उघडला, चौथं पान वर केलं आणि रायपूरच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. खरेदीदाराने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, कारण त्या खोलीत ओळख नसलेला मीच होतो.

"हे कोण?"

"हे लिवते," झनकलालभाऊ म्हणाले, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला. "द्या हात. आज रायपूर नाही. आज गोंदिया."

सौदा झाला तो छापलेल्या भावात, वरच्या बाजूला. त्यानंतर त्या हंगामात रायपूरचं नाव बाजारात कमी ऐकू आलं. आणखी एक गोष्ट झाली जी कुणी ठरवली नव्हती. धानाच्या गाड्या घेऊन येणारे शेतकरी चावडीवर कुणाकडून तरी चौथं पान वाचून घेऊ लागले. तांदूळ कितीला गेला ते कळलं की धान कितीला द्यायचं याचा अंदाज येतो. दुपट्ट्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी कळत होतं. पुढे उघडा लिलाव आला आणि दुपट्टा खांद्यावरच राहिला, ते योग्यच झालं. ती भाषा आता वाचता येणारे फारसे उरले नाहीत, याची मात्र थोडी हळहळ वाटते.

त्या दुपारी मी खोलीवर पोचलो तेव्हा कार्यालयाची तार आलेली होती. वृत्तसंपादक तारेतही मोजकेच बोलत. "भाव मिळाला. जागा कायम. उद्याचा पाठवा."

संक्रांतीला अजून अवकाश होता.

मी परत बाजारात निघालो. वाटेत मोतीलालशेठांनी गिरणीच्या दारातून हाक मारून बसवून घेतलं, पान दिलं आणि हवापाण्याचं बोलता बोलता विचारलं, आज दुसऱ्यांनी काय सांगितलं. चौकात कन्हैयालालांनी तेच विचारलं. स्टेशनाजवळ आणखी एकाने. मी प्रत्येकाला धान कसं आहे ते विचारलं, त्यांचा हात हातात घेतला, आणि भाव कुणालाच सांगितला नाही. उद्याच्या अंकात वाचा म्हणालो, आणि तारघराच्या पायऱ्या चढलो.